चांगला रिपोर्ट

करुणाला तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा तिने ते नवऱ्यालाही लगेच सांगितलं नाही. पहिल्या दोन्ही वेळी सांगायची घाई झाली होती. सासूने गल्लीभर पेढे वाटले होते, माहेरून लाडू आले होते, आणि दोन्ही वेळी तिसरा महिना पुरा व्हायच्या आत सौंसरच्या दवाखान्यात जाऊन पोट रिकामं करून यावं लागलं होतं. या खेपेला ती गप्प राहिली. न्हाणीघरात जाऊन यायची, कपडे पाहायची, आणि काही दिसलं नाही म्हणजे सुटकेचा निःश्वास टाकून कामाला लागायची.

ती सांगणारच होती, पण त्याच आठवड्यात धाकट्या जावेने आधी सांगून टाकलं.

तृप्ती मागच्या वर्षी तिगावहून लग्न होऊन मोहगावला आली होती. घरात दोघे भाऊ. थोरला रोशन संत्र्याचा बगीचा आणि कपाशी पाहायचा, धाकटा प्रतीक सौंसरला खताबियाण्याच्या दुकानात कामाला जायचा. सासरे नव्हते. शकुंतलाबाईंचा शब्द घरात चालायचा. तृप्ती हसरी होती आणि तिच्या पोटात काही राहत नसे. जेवायला वाढता वाढता ती सासूच्या कानाशी लागली, आणि शकुंतलाबाई ताटावरून उठून देवघरात गेल्या. रोशन मान खाली घालून जेवत राहिला. त्याला बायकोकडे पाहवेना.

"मलेही गेले आहेत दिवस," करुणा म्हणाली.

मग तृप्ती धावत आली आणि तिने करुणाला घट्ट धरलं. "ताई, आपल्या दोघींचे संगंच होतीन," ती म्हणाली. करुणा हसली. पण हिला दोन दिवस थांबायला काय झालं होतं, हा विचार तिच्या मनात येऊन गेला.

पांढुर्ण्याला डॉक्टर प्रज्ञा मॅडमचा दवाखाना होता. त्या मूळ पांढुर्ण्याच्याच. नागपूरला शिकल्या, तिथेच काही वर्षं नोकरी केली आणि मग गावी परतल्या. ज्या बायकांचं मूल पुन्हा पुन्हा पडतं त्यांच्या रक्ताचा अभ्यास नागपूरच्या काही डॉक्टरांनी हाती घेतला होता आणि प्रज्ञा मॅडम त्यांच्याबरोबर काम करत होत्या. करुणाच्या आधीच्या सगळ्या तपासण्या त्यांनी पाहिल्या. गर्भाशय ठीक, साखर ठीक, थायरॉइड ठीक. दोष कुठे सापडत नव्हता, आणि दोष सापडत नाही म्हणजे तो आपलाच, असं करुणाने कधीचं धरून ठेवलं होतं.

"साधी रक्ताची तपासणी आहे ही," मॅडम म्हणाल्या. "रक्तात पांढऱ्या पेशी असतात. त्यांच्यात जाती आहेत. काही पेशी कुठे जखम झाली, जंतू शिरला की आधी धावून जातात. काही पेशी आपलं काय, परकं काय हे ओळखतात. बाळ म्हणजे अर्धं परकंच. त्याला शरीराने सांभाळून घ्यावं लागतं. ज्यांचं पुन्हा पुन्हा पडतं त्यांच्यातल्या बऱ्याच जणींत धावून जाणाऱ्या पेशी जरा जास्त आणि ओळखणाऱ्या जरा कमी दिसून राहिल्या. ते प्रमाण पाहून आधीच धोका कळतो का, हे आम्ही शोधतोय."

"मग माह्यं कळन का?"

"तेच सांगते. अजून अभ्यास चालू आहे. सर्दी झाली तरी हा आकडा बदलतो. त्यावरून तुमचं पुढे काय होईल हे मी सांगणार नाही. सांगताच येत नाही."

तृप्ती सोबत आली होती. तिची पहिलीच खेप आहे आणि काही त्रास नाही हे कळल्यावर मॅडमनी विचारलं, तुलनेसाठी अशाही बायकांचं रक्त लागतं, तू देशील का? तृप्तीने लगेच बाही वर केली. "ताईसाठी कायचं नाही म्हणीन मी," ती म्हणाली. सुई टोचताना तिने डोळे मिटले आणि करुणाचं बोट धरलं.

रिपोर्ट दोघींच्या हातात मिळाले. मॅडम काही सांगणार नाहीत म्हटल्यावर रोशनने घरी येऊन मोबाइल काढला. त्याने दोन्ही कागद पलंगावर मांडले, कुठला आकडा कुठल्याने भागायचा ते शोधून काढलं, आणि बऱ्याच वेळाने म्हणाला, "तृप्तीचा चांगला आहे."

"आन माहा?"

"तुहा जरा जास्त आहे. पण मॅडमनं सांगितलं ना, त्याच्यावर नाही जायचं."

करुणा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिगावच्या घरी फोनवर बोलणाऱ्या तृप्तीचं हसणं अंगणातून ऐकू येत होतं. रोशन भागाकार करत होता तेव्हा करुणाला एकच वाटलं होतं: हिचाही तसाच निघावा. फार वाईट नाही, पण आपल्यासारखा. म्हणजे आपण एकटी नसू. तिला स्वतःचीच किळस आली आणि ती भाकरी थापायला बसली.

पण घराने तो आकडा मनावर घेतला. डॉक्टरने नाही सांगितलं ते शकुंतलाबाईंनी सांगून टाकलं: थोरलीचं रक्त नाजूक, धाकटीचं दणकट. थोरलीने पलंगावरून उतरायचं नाही. कपाशीच्या वेचणीचे दिवस होते. वेचणाऱ्या बायांसाठी चहा, शेतात पाण्याच्या कॅना, संध्याकाळी तोलून आलेला कापूस खोलीत लोटणं, सगळं तृप्तीवर आलं. ती कुरकुरली नाही. "माहा रिपोर्ट फस्टक्लास आहे," असं बायांना हसून सांगायची. करुणा खिडकीतून पाहायची. एकदोनदा तिने उठायचा प्रयत्न केला, सासूने पुन्हा बसवलं, आणि मग तिने उठणं सोडलं. बसून राहणं बरं वाटत होतं. त्याहून वाईट म्हणजे, तृप्ती दमून आलेली पाहणंही कधी कधी बरं वाटत होतं.

एका दुपारी तृप्ती तिच्या खोलीत आली आणि पलंगाच्या कडेवर टेकली. नेहमीसारखी बोलली नाही. चादरीची किनार बोटाने खाजवत राहिली.

"ताई, तुमाले सुरवातीले थोडंसं लाल गेलं होतं का?"

या प्रश्नाचं उत्तर या घरात तिच्याएवढं कोणालाच माहीत नव्हतं. लाल दिसलं की लगेच फोन करा, हे प्रज्ञा मॅडमनी दोघींनाही बजावलं होतं. ती म्हणू शकली असती, चाल, आत्ताच फोन लावू.

"किती?" तिने विचारलं.

"थोडंच. सकाळी. कंबरही दुखून राहिली."

"कॅना उचलून दुखत असन," करुणा म्हणाली. आणि मग तिच्या तोंडून ते निघून गेलं, "तुले कायची भीती आहे? तुहा रिपोर्ट तं चांगला आहे."

तृप्तीने वर पाहिलं. काहीतरी विचारावंसं तिला वाटलं असावं, पण तिने विचारलं नाही. "हाव, तेही आहे," म्हणाली आणि चहा ठेवायला गेली.

करुणाने तेव्हा सासूला सांगितलं नाही, रोशनला नाही. संध्याकाळी सांगू म्हणाली, संध्याकाळी उद्यावर टाकलं. दोन दिवसांनी पहाटे तृप्तीच्या खोलीतून प्रतीकची हाक आली. तो तिला गाडीत घालून सौंसरला घेऊन गेला. करुणा मागोमाग निघाली तर शकुंतलाबाईंनी तिला दारातच धरलं. "तू नोको जाऊ तिथं. तुह्या पोटात आहे," त्या म्हणाल्या. ओट्यावर तृप्तीची एक चप्पल तशीच पडून राहिली होती.

तृप्ती घरी आली ती भिंतीकडे तोंड करून निजली. चार दिवसांनी तिचे वडील उत्तम येऊन तिला तिगावला घेऊन गेले. ती गेल्यावर घरात बोलणं सुरू झालं. हिनं अंगावर काढलं. हिनं कोणाले सांगितलं नाही. हिले हसण्यातून फुरसतच कुठं होती. शकुंतलाबाई हे रोज कोणा ना कोणापाशी बोलत, आणि प्रतीकही ऐकून मान हलवू लागला. करुणा समोर बसून दूध पीत असे. ते दूध घशाखाली उतरत नसे, पण पोटातल्यासाठी ती उतरवायची.

आणि पोटातलं वाढत होतं. तिसरा महिना उलटला, चौथा लागला. पांढुर्ण्याला सोनोग्राफीत मॅडमनी तिला ठोके ऐकवले. रोशन बाहेर उभा राहून डोळे पुसत होता. करुणा मात्र टेबलावर निजल्या निजल्या म्हणाली, "मॅडम, एक विचारू का? एखाद्या बाईले लाल गेलं, आन तिनं तवाच सांगितलं असतं, तं वाचलं असतं का?"

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. त्या काय समजायचं ते समजल्या असाव्यात.

"बहुतेक नाही," त्या म्हणाल्या. "इतक्या लवकरच्या दिवसांत जे व्हायचं ते आधीच आत झालेलं असतं. फोन केला असता तर मी आराम करा म्हणाले असते, तपासलं असतं. थांबवता आलं असतं असं मी म्हणणार नाही. काम केल्यानंही पडत नाही."

"पण तिचा रिपोर्ट तं चांगला होता."

"म्हणूनच मी तुम्हाला काही सांगायला तयार नव्हते. शेकडो बायांचं रक्त एकत्र पाहिलं तर त्यातून काही कळतं. एका बाईबद्दल त्यातून काहीच कळत नाही. तुमचा आकडा खराब होता ना? ऐका, ठोके पडतायत." मॅडमनी तिच्या पोटावरचं जेल पुसलं. "पण सांगितलं असतं तर ती दोन दिवस एकटी नसती. तेवढं झालं असतं."

पहिलं ऐकून करुणाला हलकं वाटायला हवं होतं. तिला फक्त शेवटचं ऐकू आलं.

दवाखान्यातून बाहेर पडल्यावर तिने तिगावला जाते म्हटलं. पांढुर्ण्याहून तिगाव जवळच. रोशनला ते पटलं नाही, आईला काय सांगू म्हणाला, पण शेवटी त्याने गाडी वळवली आणि तो रस्त्यावरच्या टपरीवर थांबला. तृप्ती अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. ती बारीक झाली होती. करुणाच्या पोटाकडे तिची नजर गेली आणि लगेच शेंगांवर आली.

"बसा ताई."

करुणा बसली आणि तिनेही शेंगा उचलल्या. थोड्या सोलून झाल्यावर म्हणाली, "तृप्ती, तू मले विचारलं होतं त्या दिवशी. मले माहीत होतं. मी मुद्दामच..."

"ताई, नोका सांगू."

"ऐक तं खरी."

"मले समजलं होतं तवाच. तुमचा आवाज तसा होता." तृप्ती हातातली शेंग उघडत होती, ती तशीच राहिली. "तुमी आता रडान, माफी मागान, मी म्हणीन जाऊ द्या. मग तुमी मोकळ्या होऊन घरी जान. आन मी? मले तिथं सारे म्हणून राहिले की हिनं कोणाले सांगितलंच नाही. ह्यांनीही फोनवर तेच विचारलं. मी काय सांगू त्यांले? ताईले सांगितलं होतं म्हणू? तुमचे असे दिवस चालू असताना?"

तृप्तीची आई अंबाबाई चहा घेऊन आली आणि कसं आहे, काय आहे विचारत राहिली. निघताना तृप्तीने करुणाच्या ओंजळीत सोललेल्या दाण्यांची पुडी दिली, पाहुणीला रिकाम्या हाताने धाडू नये म्हणून, पण दारापर्यंत आली नाही.

सातव्या महिन्यात ओटी भरायचं ठरलं तेव्हा तृप्ती मोहगावला परतून महिना झाला होता. ती काम करायची, विचारलं तेवढं बोलायची. प्रतीक आणि ती एकाच खोलीत परक्यासारखे राहत. ओटीच्या दिवशी गल्लीतल्या बाया जमल्या. करुणाला हिरवी साडी नेसवून पाटावर बसवलं, केसांत गजरा घातला. तृप्ती नारळ आणि तांदळाचं ताट घेऊन पुढे आली तर शकुंतलाबाईंनी ताट तिच्या हातून काढून घेतलं.

"तू आत पाह्य बाई," त्या म्हणाल्या. आवाज मऊ होता. "तुह्यं नुकतंच झालं आहे. शुभाच्या कामाले नोको."

एक म्हातारी शेजारीण तिला ऐकू जाईल अशी म्हणाली, "पहिलटकरीण होती, पण सांगाले तं पाहिजे होतं कोणाले. अंगावर काढलं अन् घालवलं."

तृप्ती आत जायला वळली. दारात प्रतीक उभा होता, तो बाजूला झाला, तिच्याकडे न पाहता.

"तिनं सांगितलं होतं," करुणा म्हणाली.

बायांचं बोलणं थांबलं नव्हतं, म्हणून तिला पुन्हा म्हणावं लागलं. "तिनं सांगितलं होतं. मले. लाल गेलं तवाच ती माह्याजवळ आली होती. डॉक्टरले फोन करा लागते हे मले माहीत होतं. मी केला नाही. तुहा रिपोर्ट चांगला आहे म्हटलं अन् धाडून दिली. घरात कोणालेही सांगितलं नाही."

"काय बोलून राहिली व?" शकुंतलाबाई म्हणाल्या. "या वेळेले असं काहीही नोको बोलू."

"खरं तेच बोलून राहिली. मले तिचा राग होता. तिचा आकडा चांगला आला म्हणून." करुणाने पदर मुठीत धरला. "डॉक्टर म्हणते सांगूनही वाचलं नसतं. ते असन. पण कोणाले सांगितलं नाही म्हणून तिले बोलू नोका. सांगितलं होतं."

मग एकेक बाई घाईघाईने ओटी भरून, हळदीकुंकू लावून निघून गेली. शकुंतलाबाईंनी विधी पुरा केला, पण करुणाच्या तोंडाकडे पाहिलं नाही. तृप्ती आतच राहिली. संध्याकाळी तिच्या खोलीतून प्रतीकचा आवाज आला, मग तिचा, मग रडण्याचा. तिचं रडणं त्या घरात पहिल्यांदाच ऐकू येत होतं.

त्यानंतर प्रतीक करुणाशी बोलायचा बंद झाला. वहिनी म्हणून तिच्या हातचा चहा तो आधी मागून घ्यायचा, आता तृप्तीने दिला तरच प्यायचा. रोशन म्हणाला, "सांगाची काय गरज होती साऱ्या गल्लीसमोर?" करुणा म्हणाली, "साऱ्या गल्लीसमोरच तिले बोलून राहिले होते." बरेच दिवस दोघांत ते तसंच पडून राहिलं. आपण बरं केलं असं करुणाला एकदाही वाटलं नाही. फक्त घरात तृप्तीला कोणी टोमणा मारेनासं झालं, एवढं तिने पाहिलं.

उन्हाळा संपता संपता करुणाला मुलगी झाली. छान, भरलेली, काळ्याभोर केसांची. रोशनने नाव ठेवलं चंचल. शकुंतलाबाईंचा रागही बाळाने थोडा खाली आणला. तृप्ती बाळंतिणीचं सगळं करायची. डिंकाचे लाडू, शेकशेगडी, बाळाची दुपटी धुणं. पण तिने बाळाला उचललं नाही. कोणी म्हटलं तर हात ओले आहेत म्हणायची. करुणाने तिला कधी म्हटलं नाही. बाळ मांडीवर दूध पिऊन झोपलं की ती त्याच्या तोंडाकडे पाहायची आणि तिला तो भागाकार आठवायचा. सुख झालं की त्याच्या मागोमाग लाज यायची. ती दोन्ही वेगळी करायचा प्रयत्न तिने सोडून दिला होता.

दिवाळीच्या आधी एका सकाळी तृप्ती तिच्या दारात आली.

"ताई, पांढुर्ण्याले चालता का माह्यासंगं? मॅडमले विचाराचं आहे. आता पुन्हा घेऊ का नाही म्हणून."

"चालते ना."

"ह्यांले सुट्टी नाही. आईसंगं जाव नाही वाटत." ती घुटमळली. "पण बाळाले नोका आणू."

करुणाने बाळाला पाजलं, सासूच्या स्वाधीन केलं आणि निघाली. बसमध्ये दोघी शेजारी बसल्या. मध्ये पिशवी होती. रस्त्याच्या दोहोंकडे संत्र्याची झाडं फळांनी वाकली होती, पण दोघींपैकी कोणी त्याबद्दल बोललं नाही.

दवाखान्यात गर्दी होती. नंबर यायला फार वेळ लागला. समोरच्या बाकावर एका बाईचं तान्हं रडायला लागलं, आणि करुणाला कळायच्या आत तिच्या छातीत कळ येऊन पान्हा फुटला. ब्लाउज भिजायला लागला. तिने पदर ओढला, तोही भिजला. ती हातांची घडी घालून ओणवी बसली, तृप्तीला दिसू नये म्हणून भिंतीकडे वळली. इथे, हिच्या शेजारी, हे व्हायला नको होतं.

तृप्तीने पाहिलं. मग तिने गळ्यातली ओढणी काढली, दुमडून जाड केली आणि करुणाच्या पदराखाली सरकवली.

"दाबून धरा," ती हळूच म्हणाली. "लय दुखते का?"

"नाही."

"दुखत असन."

आत मॅडमनी तृप्तीला तपासलं, सगळं विचारून घेतलं. एकदा पडलं म्हणजे पुन्हा पडेल असं मुळीच नाही, बहुतेक बायांना पुढच्या वेळी नीट होतं, मन तयार असेल तेव्हा घ्या, असं सांगितलं. तृप्तीने विचारलं, रक्त पुन्हा तपासायचं का? "रक्त कमी आहे का तेवढं पाहू," मॅडम म्हणाल्या. "बाकी प्रमाणबिमाण नको. तुम्हाला त्याचा उपयोग नाही." सुई टोचायच्या वेळी तृप्तीने डोळे मिटले नाहीत. करुणाने हात पुढे केला होता, तो तिने धरलाही नाही आणि झिडकारलाही नाही.

बसस्टँडवर सौंसरची बस उभी होती, पण कंडक्टर चहा पीत होता. करुणाने दोन प्लेट पोहे घेतले. तृप्तीने थोडे खाल्ले आणि बाकीचे तिच्या ताटलीत लोटले.

"तुमी खा. पाजता तुमी."

करुणा रडायला लागली असती, पण तिगावच्या अंगणातलं बोलणं तिला आठवलं, आणि तिने मान खाली घालून सगळे पोहे संपवले. तृप्ती रस्त्याकडे पाहत होती.

"चंचल उठली असन आता," ती म्हणाली. "आईकडं राहत नाही ती दुपारची. चाला, ड्रायव्हर बसला."